नहीं करेंगे खाली

आधीच सांगून ठेवते, मला या असल्या गोष्टींचा राग येतो. नातीने या ग्रुपमध्ये टाकलं म्हणून महिनाभर तुमचे अनुभव वाचून राहिले — पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, अमावस्या, पिंपळ… अरे, मेलेल्या बायकांना दुसरा काही उद्योग नाही का? माझा कशावर विश्वास नव्हता. वडील रेल्वेत होते, घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. आजही मला कोणी विचारलं की भूत आहे का, तर मी नाहीच म्हणेन. पण एक गोष्ट झाली, आणि ती झाली नाही असं मला म्हणता येत नाही. ती सांगते. भीती वाटावी म्हणून सांगत नाही. मला त्या गोष्टीचा अजूनही संताप येतो, म्हणून सांगते.

साल एकाहत्तर. आम्ही जबलपूरला गोहलपुरात राहत होतो. मी जन्माने जबलपूरचीच, शाळा हिंदी मीडियम, पुढे नोकरीही हिंदी शिकवण्याचीच केली. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, असं आमचं सगळ्यांचंच. आमचे हे फॅक्टरीत होते. फॅक्टरीच्या क्वार्टरसाठी नाव लावलेलं होतं, पण नंबर कधी लागेल ते देवाला माहीत. तोवर भाड्याची जागा.

जागा म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. आजकाल वन बीएचके म्हणतात, तसं समजा, फक्त हॉल नाही. गल्लीच्या तोंडाशी खरादवाल्याचं दुकान, दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज. मग आमचं घर. खालच्या मजल्यावर मालक, तिवारीजी. मधे फरशीचं आंगण. आंगणातून जिना वर येतो, वर एक गॅलरी, गॅलरीच्या एका टोकाला आम्ही आणि दुसऱ्या टोकाला रामकली भाभी. भाभी त्या घरातल्या सगळ्यात जुन्या भाडेकरू. गॅलरीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं की खाली आंगणाच्या कोपऱ्यात एक हौद दिसायचा. दगडी, जमिनीत उतरलेला, वर लाकडी फळ्या. आम्ही राहायला आलो तेव्हा तो कोरडा होता आणि फळ्यांवर तिवारीन पापड वाळत घालायची.

लढाई लागली आणि सगळंच बदललं. खिडक्यांना काळे कागद, दिव्यांवर काळ्या टोप्या, फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या शिफ्टा. आमचे हे सकाळी अंधारात सायकल काढायचे आणि अंधारातच परत यायचे. छबीने — म्हणजे आमच्या मुलीने, तेव्हा ती अडीच वर्षांची — बापाचं तोंड फक्त रविवारी पाहिलं असेल. मला सातवा महिना होता. मोहल्ल्यातल्या सिव्हिल डिफेन्सवाल्यांनी घरोघरी सांगितलं की आग विझवायला वाळूच्या बादल्या आणि पाण्याचा साठा ठेवा. तिवारीजींनी हौदाच्या फळ्या काढल्या आणि हौद काठोकाठ भरून ठेवला. मोहल्ल्यात सगळ्यात मोठा साठा आपला म्हणून मिरवत होते.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी सुरू झाल्या.

पहिली म्हणजे तिवारीजींनी जागा सोडायला सांगितलं. त्यांच्या भाच्याला फॅक्टरीत भरती मिळाली होती, त्याला खोली हवी. बरं, सांगायची पद्धत तरी असावी माणसाला. मी पाण्याचा हंडा घेऊन जिना चढते आहे, पोट सांभाळते आहे, आणि हे खाटेवर बसून दात कोरत म्हणतात, बहूजी, महिनाभरात खाली कर दो. लढाईच्या दिवसांत, नवी भरती जोरात, गावात खोली म्हणून मिळत नव्हती. सातव्या महिन्यात मी लेकरू कडेवर घेऊन कुठे जाऊ? माहेरी वडील रिटायर होऊन भावाकडे गेलेले. मी सरळ सांगितलं की बाळंतपण होईपर्यंत हलणार नाही. ते म्हणाले, देखते हैं. त्या 'देखते हैं'ने माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

दुसरी गोष्ट म्हणजे तो आवाज.

दुपारची वेळ. छबी झोपलेली, मी तांदूळ निवडून राहिले होते. गॅलरीतून बाईचा आवाज आला — "खाली…" घसा बसल्यासारखा, शेवटचा 'ली' लांबवलेला. मग पुन्हा, "खाली… खाली…"

मी ताडकन उठून बाहेर आले. गॅलरीत कोणी नाही. आंगणात कोणी नाही. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच सांगा. मला वाटलं, तिवारीन. नवऱ्याने तोंडाने सांगितलं आणि आता बायको लपून ओरडून राहिली आहे, खाली करो म्हणून. गर्भार बाईला घाबरवून घालवायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा जिना उतरले, तर तिवारीनचं दार बंद, आणि ती बया गल्लीच्या नळावर चार बायकांत भांडी घासून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच, दुपारी, छबी झोपली की. आवाज गॅलरीच्या मधूनच यायचा, कठड्यापाशी जिथे उभं राहून आपण वाकून बघतो ना, तिथून. मी यांना सांगितलं. हे जेवता जेवता झोपत होते, म्हणाले, तू थकली आहेस, डोक्यात तेच ते घोळून राहिलं आहे. बरं, माझं डोकं म्हणा. पण एका दुपारी रामकली भाभी गॅलरीत लुगडं वाळत घालत होत्या तेव्हा तो आवाज आला. मी माझ्या दारातून पाहिलं. भाभींचा चेहरा पांढराफटक पडला. हातातलं लुगडं तसंच कठड्यावर टाकून त्या आत गेल्या आणि दाराला कडी घातली. म्हणजे यांना माहीत आहे. म्हणजे यासुद्धा मालकाला सामील. दोन वर्षं लोणच्यापासून विरजणापर्यंत सगळं ज्यांच्याशी वाटून खाल्लं, त्या बाईचं तोंड बघायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

मग मी तिवारीजींशी जाहीर भांडले. आंगणात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल असं. लाज नाही वाटत का, पोटुशी बाईला भुताटकी करून घाबरवता म्हणून. तर तो माणूस माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. म्हणाला, "हमें क्या पड़ी है, बहूजी? हम तो मुँह पर बोलते हैं, खाली कर दो." आणि हे खरंच होतं. तोंडावर बोलायला तो कधी कचरला नव्हता. पण रागात असलेल्या माणसाला खरं कुठे दिसतं.

या सगळ्यात माझ्या सासूबाई आल्या, बाळंतपणासाठी. वर्ध्याकडच्या खेड्यातल्या. आयुष्यात पहिल्यांदा जबलपूर पाहिलं. हिंदीचा एक शब्द येत नव्हता, आणि जो यायचा तो उलटा. तिवारीन एकदा छबीकडे बघून म्हणाली, इसको अच्छी शिक्षा देना. सासूबाई वर येऊन मला विचारतात, "ते बाई आपल्या पोरीले शिक्षा काहून द्यायले सांगून राहिली? पोरीनं केलं काय तिचं?" मी हसून हसून लोटपोट. शिक्षा म्हणजे यांच्यात शिकवणं हो आई, मारणं नाही. त्या म्हणाल्या, मग तसं बोलावं माणसानं. मला तेव्हा त्यांची गंमत वाटली. नंतर त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला.

त्या दुपारचं सांगते आता.

सासूबाई स्वयंपाकघरात जात्यावर डाळ भरडून राहिल्या होत्या. मी खाटेवर आडवी. छबी माझ्या बाजूला झोपलेली, असं मी धरून चालले होते. माझा डोळा लागला असेल. आवाजाने जागी झाले. "खाली… खाली…" पण त्या दिवशी थांबेचना. एकामागोमाग एक, श्वास न घेता, खाली खाली खाली, आणि शेवटी शेवटी तर आवाज फाटत होता.

माझं टाळकं सटकलं. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच. दारात उभी राहिले, कंबरेवर हात ठेवला, आणि त्या रिकाम्या गॅलरीकडे तोंड करून जीव खाऊन ओरडले, "नहीं करेंगे खाली! जो करना है, कर लो!"

सासूबाई डाळीचे हात घेऊन बाहेर आल्या.

"कोनासंग भांडून राहिली तू?"

म्हटलं, ऐकू येत नाही का तुम्हाला, खाली करा म्हणून राहिली ती.

"करा कुठी म्हनते? ते खाली म्हनून राहिली. खाली काय हाय?" आणि मग त्यांनी खोलीत पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "पोरगी कुठी हाय?"

खाटेवर छबी नव्हती.

सासूबाई जिन्याकडे धावल्या. साठीच्या पुढची ती बाई, गुडघे धरलेले, नऊवारीचा ओचा धरून तो उभा जिना कशी उतरली, मी पाहिलं आहे आणि मला अजून कळत नाही. मी कठड्यावरून वाकले. हौदाच्या पाण्यावर आमचा छोटा गडू तरंगत होता, आणि त्याच्या बाजूला छबीचा पिवळा फ्रॉक, फुगलेला. मोहल्ल्यातले लोक हौदातून बादल्या भरायची प्रॅक्टिस करायचे ना, ते पाहून पोरगी गडू घेऊन पाणी भरायला गेली होती.

सासूबाईंनी तिला फ्रॉकला धरून ओढली. उलटी धरली, पाठीत बुक्क्या घातल्या. मी उतरेपर्यंत तिच्या तोंडातून पाणी आलं, आणि मग ती रडली. लेकरू रडल्याचा इतका आनंद कोणाला झाला नसेल. मी फरशीवर बसले आणि तिला पदरात गुंडाळून घेतलं.

तिवारीजी बाहेर आले. काय म्हणाले असतील? बच्चे को संभालना चाहिए. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हा हौद झाका. तर म्हणे, ऑर्डर आहे, लढाई संपेपर्यंत उघडाच राहील. बस. मी उठले. त्यांची बसायची ती खाट, जिच्यावर बसून त्यांनी मला खाली कर दो म्हटलं होतं, ती ओढत नेली आणि हौदावर उलटी घातली. तिच्यावर त्यांचाच पाटा ठेवला, वरवंट्यासकट. आणि सांगितलं, याला हात लावणाऱ्याचा हात जाग्यावर राहणार नाही. सातव्या महिन्यात मी पाटा उचलला, विश्वास ठेवा की ठेवू नका.

संध्याकाळी रामकली भाभी आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं नाही मी. त्या उंबरठ्यावरच बसल्या आणि रडायला लागल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं.

मागच्या लढाईच्या वेळी, म्हणजे पासष्टला, या खोलीत एक मराठी जोडपं होतं. पुलगावचं. बाईचं नाव कुसुम. हिंदी अजिबात येत नव्हती, हाताच्या खुणांनी सगळा कारभार. नवरा फॅक्टरीत, अशाच लांब शिफ्टा. हौद असाच उघडून भरलेला. तिचा मोठा मुलगा नंदू छबीच्याच वयाचा, आणि ती नुकतीच दुसऱ्यांदा बाळंत झालेली. अंगात ताप, उभं राहवत नव्हतं. त्याच सकाळी तिवारीजी जागा सोडा म्हणून तिच्याशी भांडून गेले होते. आणि दुपारी ती कशीबशी गॅलरीत आली, कठड्याला धरून ओरडायला लागली — खाली, खाली.

"हम समझे मकान खाली करने का बोल रही है," भाभी म्हणाल्या. "नीचे उँगली करे, तो हम समझे तिवारीजी को दिखा रही है. मैंने कहा, हाँ बहन, हो जाएगा खाली, तू लेट जा. मैंने खुद उसको पकड़ के अंदर लिटाया."

धरून आत नेली आणि निजवली. ती हात सोडवत होती, तरी निजवली. डोक्यावर ओली पट्टीसुद्धा ठेवली. आणि खाली हौदात…

मला त्या बाईच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. एका मराठी बाईने एक साधा शब्द उच्चारला, आपल्या पोराला वाचवायला, आणि अख्ख्या घराने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावून घेतला. एकालाही वाकून बघावंसं वाटलं नाही? बोट दाखवते आहे ना ती? मी तोंड उघडलं… आणि गप्प झाले. कारण मी तर मराठी होते. माझ्याच भाषेतला शब्द रोज दुपारी माझ्याच दारात कोणी ओरडत होतं, आणि मी त्याला हिंदीत शिव्या घालत होते.

मी एवढंच विचारलं, मग ती कुसुम?

भाभी म्हणाल्या, "फिर वो भी चली गई."

गेली. माझ्या मनात हिशोब लागला. पोर गेलं, मागून आई गेली, तिचा आत्मा त्या कठड्यापाशी अडकला. मी, अंगारा-धुपारा न मानणारी. सासूबाईंनी तर त्याच दिवशी कठड्यापाशी हळदकुंकू वाहिलं. मला हसू आलं नाही.

त्या दुपारनंतर तो आवाज पुन्हा कधी आला नाही. लढाई संपली तशी यांनी आणि शिफ्टमधल्या चार दोस्तांनी रविवारी हातगाडीवरून विटांचे तुकडे आणून हौद बुजवून टाकला. तिवारीजी बघत उभे होते. भाच्याने दुसरीकडे खोली पाहिली. मला मुलगा झाला. आणि ती जागा आम्ही खाली केली नाही. दर सर्वपित्रीला सासूबाईंच्या सांगण्यावरून मी त्या बुजवलेल्या हौदावर कुसुमसाठी पान वाढत होते.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल.

छबी शाळेत जायला लागली होती तेव्हा पुलगावला यांच्याकडच्या एका लग्नाला गेलो. दुपारची जेवणं. वरच्या मजल्यावर आम्ही बायका गप्पा मारत बसलो होतो. जिन्यातून एक बाई वर येता येता म्हणाली, "अवो, खाली पंगत बसून राहिली, खाली चला."

घसा बसल्यासारखा आवाज. शेवटचा 'ली' लांबवलेला.

मी वळून पाहिलं. बाई जिन्याच्या तोंडाशी उभी, चाळिशीच्या आतली, कमरेला पदर खोचलेला, हाताला बेसन. जिवंत. चांगली धडधाकट. मी जाऊबाईंना विचारलं, ही कोण? त्या म्हणाल्या, कुसुम, पलीकडच्या गल्लीतली. फार सोसलं तिनं, जबलपूरला पोरगा गेला तिचा. मग नवऱ्याने बदली करून घेतली आणि इकडेच आले. आणि मग जाऊबाई सहज म्हणाल्या, "आता बोलते तरी. ही एकाहत्तरची लढाई लागली ना, त्या महिन्यात तिचा आवाजच गेला होता. घशाला काही नाही म्हणत होते डॉक्टर. एक दिवस दुपारी आपोआप आला परत."

कोणता दिवस, ते मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

चली गई म्हणजे गाव सोडून गेली. एवढंच म्हणाल्या होत्या भाभी. आणि मी, हिंदीवाली, पुन्हा एकदा शब्दाचा माझ्या मनाला आला तो अर्थ घेऊन बसले, आणि जिवंत बाईला पितरांचं पान वाढत राहिले. माझा मलाच इतका संताप आला की त्या लग्नात मी पंगतीला बसलेच नाही.

निघताना ती माझ्याजवळ आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की आम्ही जबलपूरचे. तिने विचारलं, जबलपूरला कुठं? मी खोटं बोलू शकत होते. म्हटलं, गोहलपूर. तिवारीजींचं घर. वरची खोली.

आंगणात छबी तिच्या मुलीबरोबर खेळत होती. तिने छबीकडे पाहिलं.

"हे तुमची?"

"हो."

"तो हौद…"

"बुजवला," मी म्हटलं. "आम्हीच बुजवला."

तिने मान हलवली. "बरं केलं," म्हणाली, आणि पंगतीत वाढायला निघून गेली. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? बाई, तुझा आवाज माझ्याकडे येत होता? तुझं कोणी ऐकलं नाही, पण माझं लेकरू तू वाचवलंस? बुजवला हे ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला होता, तो मला पुन्हा आवळायचा नव्हता.

आता खाली कमेंटमध्ये कोणी मला अंतर्मन, योगायोग, गरोदरपणातले भास असलं शिकवायला येऊ नका. हे सगळं माझ्या मुलीने सांगून झालं आहे. ती पंचावन्नची आहे, डॉक्टर आहे, आणि तिला पाण्याची भीती वाटत नाही. आणि आत्मा भटकतो म्हणणाऱ्यांनीही येऊ नका, बाई जिवंत होती. मग आवाज कोणाचा? पुलगावात मुकी झालेल्या बाईचा आवाज गोहलपुरात कसा? मला माहीत नाही. तेव्हा नव्हतं, आज नाही, मरेपर्यंत कळणार नाही.

मला फक्त एवढंच कळतं की भाड्याच्या खोलीची जाहिरात असो, बस असो की डबा असो, आजही कोणी 'खाली' म्हटलं की मी आधी वाकून बघते.